ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते? : जुन्या लहान ट्रॅक्टरच्या विद्युद्भरणाविषयी एक पाठ



कनेरगाव नाका हे गाव वाशीम व हिंगोली ह्या दोन शहरांस जोडणाऱ्या हमरस्त्यावर, दोन जिल्ह्यांच्या शिवेनजीक वसलेले आहे. १९४८ पर्यंत ह्या शिवेच्या एका अंगास निजामाच्या राज्याचा परभणी जिल्हा व दुसऱ्या अंगास वऱ्हाड होते. आता ती शीव केवळ नकाशावर उरली असून दोन्हीकडची माणसे, माल व वाहने अहोरात्र ये-जा करीत असतात. ह्या टापूत सोयाबीन, तूर, कापूस व हळद ही पिके होतात. बैलजोडी बाळगणे ज्यांस परवडेनासे झाले, अशा अल्पभूधारकांपैकी पुष्कळांनी पंधरा ते वीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर घेतले आहेत. महिंद्राचा एक सिलिंडरी 'युवराज' अथवा मित्सुबिशीच्या सहकार्याने निघालेला व्ही. एस. टी. कंपनीचा 'शक्ति' ही त्यांची परिचित उदाहरणे होत. फळबागेतून, हळदीच्या सऱ्यांतून व कपाशीच्या ओळींतून फिरण्यास हे यंत्र सोयीचे असते. परंतु पुष्कळ घरी ते जुने, दुसऱ्याच्या हातून आलेले असते, आणि जुन्या यंत्राची पहिली तक्रार बहुधा एकच : "बॅटरी उतरली, सेल्फ लागत नाही."

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीस वाफसा आला आहे, आणि यंत्र मुके होऊन उभे आहे, ह्याहून मोठा मनस्ताप शेतकऱ्यास दुसरा नाही. पेरणीचे दोन दिवस हुकले, तर त्याची भरपाई पुढे कशानेही होत नाही. अशा वेळी घाईघाईने नवी बॅटरी आणली जाते. महिनाभराने तीही उतरते. मग दुकानदारास दोष, कंपनीस दोष, शेवटी नशिबास दोष! वास्तविक रोग एका ठिकाणी व औषध दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार असतो. बॅटरी ही केवळ साठवणीची कणगी होय. कणगी रिकामी झाली म्हणून कणगीच बदलली, परंतु तीत धान्य येण्याची वाट बुजलेली तशीच राहिली, तर नवी कणगी भरणार कशी? ती वाट कशी तपासावी, हे आठवी-नववीच्या विज्ञानाच्या बळावर समजण्याजोगे आहे, व तेच प्रस्तुत पाठात सांगण्याचा आम्ही यत्न करणार आहो.

व्यवस्थेची अंगे

ह्या व्यवस्थेची मुख्य अंगे चार. पहिले बॅटरी, दुसरे वीज उत्पन्न करणारे यंत्र, म्हणजे जुन्या ट्रॅक्टरवर डायनॅमो, त्यामानाने नव्यावर अल्टरनेटर, आणि काही अगदी लहान इंजिनांवर चाकात बसविलेली चुंबके व त्यांच्या आतील स्थिर वेटोळे, तिसरे रेग्युलेटर, जो विजेचा दाब मर्यादेत ठेवतो, आणि चौथे ह्या सर्वांस जोडणाऱ्या तारा, फ्यूज व ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडा. सांगाड्यास आम्ही मुद्दाम 'अंग' म्हटले आहे. बॅटरीचे एक टोक सांगाड्यास जोडलेले असते व वीज परतीचा प्रवास त्यातूनच करते. ह्या परतीच्या वाटेस कारागीर 'अर्थ' म्हणतात, आणि अर्ध्याअधिक घोटाळे ह्याच दुर्लक्षित वाटेवर होतात.

बॅटरीचे मूळ रूप फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते ह्याने १८५९ साली सिद्ध केले. शिशाच्या पत्र्यांचे दोन गट सौम्य गंधकाम्लात बुडवून ती बनते. भरलेल्या स्थितीत एका घराचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. अशी सहा घरे एकापुढे एक जोडली म्हणजे सुमारे १२.६ व्होल्ट होतात. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश पत्र्यांवर बसतो व द्रव पातळ होतो. वीज उलट भरली की तो अंश पुनः द्रवात येतो. बॅटरी फार दिवस उतरलेल्या स्थितीत ठेवली, तर हा थर कठीण होतो व मग ती पूर्ण भरत नाही. 'उतरलेली बॅटरी तशीच ठेवू नये' ह्या सूचनेचे कारण हे आहे.

वीज उत्पन्न करण्याचे तत्त्व मायकेल फॅरडे ह्याने १८३१ साली शोधिले. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला, अथवा चुंबकाजवळ वेटोळे फिरविले, तर तारेत वीज उत्पन्न होते. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तकबांधणीच्या दुकानी उमेदवारी करीत असे व बांधावयास आलेली पुस्तके वाचून विद्या मिळवीत असे. पुढे जगन्मान्य झाल्यावरही तो आपल्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत वडीलपणाची सेवा करीत राहिला. आपल्या शिवारातील प्रत्येक ट्रॅक्टर त्याच्या ऋणात आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

सावधगिरी

हात लावण्यापूर्वी चार गोष्टी पाळाव्या. भरत असलेल्या बॅटरीतून उज्जवायू, म्हणजे हायड्रोजन, निघतो व तो ठिणगीने पेट घेतो. म्हणून जवळ विडी अथवा काडी पेटवू नये. हातातील कडे व अंगठी काढून ठेवावी, कारण पाना व कडे मिळून दोन टोके जोडली गेली तर हात भाजतो. बॅटरी सोडताना सांगाड्याची तार आधी काढावी व जोडताना ती शेवटी जोडावी. चालत्या इंजिनाच्या पट्ट्याजवळ धोतर, ओढणी अथवा सैल बाही जाऊ देऊ नये. आम्ल डोळ्यांत गेल्यास पुष्कळ स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. लहान विद्यार्थ्यांनी ही कामे वडीलधाऱ्या माणसांच्या देखत करावी, हे सांगणे नकोच.

पहिली पायरी : डोळे व हात

पुष्कळसे दोष मीटरावाचून सापडतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे काय? असल्यास खायचा सोडा पाण्यात कालवून त्याने धुवावी (हे पाणी बॅटरीच्या घरांत जाऊ देऊ नये), टोके काचकागदाने घासावी, घट्ट आवळावी व वर थोडे व्हॅसलीन लावावे. घरांतील द्रव पत्र्यांच्या वर आहे काय? नसल्यास केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्याने घालू नये. पट्टा अंगठ्याने मध्यावर दाबला असता सुमारे १० ते १२ मिलिमीटर दबावा. फार सैल असल्यास तो घसरतो व डायनॅमो पुरेसा फिरत नाही. फार ताणल्यास धुरेच्या बेअरिंगांची झीज होते. फ्यूज जळला आहे काय व उंदराने तार कुरतडली आहे काय, हेही पाहावे. गोठ्यात अथवा कडब्याजवळ उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरवर उंदराचा हा उपद्रव नित्याचा आहे.

चावी फिरविताच भरणदर्शक लाल दिवा लागला पाहिजे व इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. इंजिन चालू असता तो जळत राहिला तर भरण होत नाही, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु चावी फिरवूनही तो मुळीच लागत नसेल, तर ती गोष्ट कोणी मनावर घेत नाही. पुष्कळ अल्टरनेटरांच्या आतील विद्युच्चुंबकास आरंभीची वीज ह्या दिव्यातूनच मिळते. दिवा जळून गेला तर अल्टरनेटर जागाच होत नाही! थोडक्या रुपयांच्या दिव्यापायी हजारो रुपयांचा अल्टरनेटर बदलला जाणे अशक्य नाही, ते असे. ज्या जुन्या यंत्रांवर अँपिअरमीटर असतो, तेथे इंजिन सुरू होताच काटा भरणाच्या बाजूस जावा व बॅटरी भरत जाईल तसतसा मध्याकडे यावा. भरल्यावर मध्याजवळ स्थिरावलेला काटा हा दोष नव्हे.

दुसरी पायरी : बॅटरीची परीक्षा

आता साधा मल्टिमीटर घ्यावा. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर दाब मोजावा. १२.६ अथवा अधिक व्होल्ट आल्यास ती भरलेली, १२.२ च्या आसपास आल्यास अर्धी, व ११.९ आल्यास जवळजवळ रिकामी समजावी. इंजिन नुकतेच बंद केले असता मोजू नये. त्या वेळी अंक फुगलेला येतो.

भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारला असता दाब ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरीच दुबळी झाली असे बहुधा ठरते. बॅटरीस झाकणे असल्यास हायड्रोमीटरने प्रत्येक घराची घनता पाहावी. भरलेल्या घरात ती १.२६ ते १.२८ असते. पाच घरे सारखी व एकच फार खाली, असे दिसल्यास ते घर निकामी झाले. अशी बॅटरी कितीही भरली तरी टिकणार नाही. मात्र सहाही घरे सारखीच उतरलेली असतील, तर बॅटरीस दोष देण्याची घाई करू नये. ती बिचारी उपाशी आहे, आजारी नव्हे.

तिसरी पायरी : इंजिन चालू असता

इंजिन मध्यम गतीने चालवून बॅटरीच्या टोकांवर पुनः दाब मोजावा. तो १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान असल्यास भरण योग्य होत आहे. बंद असतानाचा अंक व चालू असतानाचा अंक जवळजवळ एकच आला, तर भरण होत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला. असे अतिभरण पाणी आटवते व बॅटरी लवकर मारते. वारंवार पाणी घालावे लागणे हे त्याचे लक्षण होय. नंतर पुढचे दिवे लावून तीच मोजणी करावी. अंक थोडा उतरावा, परंतु १३.५ च्या फार खाली जाऊ नये.

येथे डिझेल इंजिनाचा एक विशेष सांगितला पाहिजे. डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की जळणास विजेच्या ठिणगीची गरज राहत नाही. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून भरण पूर्ण बंद असले तरी ट्रॅक्टर दिवसभर नांगरतो व धन्यास काहीच कळत नाही. संध्याकाळी उतारावर उभा करावा, सकाळी ढकलून सुरू करावा, असा क्रम महिनोगणती चालतो. यंत्राची शक्ती येथे त्याच्या रोगास झाकून ठेवते.

थोडे गणित करू. सेल्फने २०० अँपिअर वीज ५ सेकंद घेतली, तर खर्च १००० अँपिअर-सेकंद झाला. डायनॅमो १० अँपिअर देत असेल, तर ही भरपाई १०० सेकंदांत होते. भरताना थोडी वीज वाया जाते असे धरले तरी दोन-तीन मिनिटे पुरतात. उलट ५५ वॅटचे दोन दिवे मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर घेतात. भरण बंद असता ५० अँपिअर-तासांची बॅटरी त्यांच्यापुढे पाच-साडेपाच तासांत रिकामी होते. तात्पर्य, निरोगी व्यवस्थेत सेल्फमुळे बॅटरी उतरत नाही. आवक बंद झाल्यामुळे उतरते.

चौथी पायरी : वाटेतील गळती

ओहमचा नियम विद्यार्थ्यांस पाठ असतोच : दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. वाटेत गंजलेल्या एखाद्या जोडाचा रोध केवळ ०.१ ओहम असला व प्रवाह १० अँपिअर असला, तर तेथे १ व्होल्ट गळून जातो. डायनॅमोजवळ १४.२ व्होल्ट असूनही बॅटरीस १३.२ च मिळतात व ती कधीच पुरी भरत नाही.

ही गळती शोधण्याची रीत सोपी आहे. इंजिन चालू व दिवे लावलेले असता मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टोकावर व दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवावे. अंक ०.३ व्होल्टच्या आसपास अथवा कमी यावा. मग एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर व दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावे, येथे ०.२ हून अधिक येऊ नये. ज्या बाजूस अंक मोठा, त्या बाजूस दोष.

उदाहरणार्थ, समजा, चालू इंजिनावर बॅटरीपाशी १२.९ व अल्टरनेटरपाशी १४.३ व्होल्ट आले. फरक १.४. धन बाजूस ०.१ व सांगाड्याच्या बाजूस १.३ आले. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष, रेग्युलेटर निर्दोष, बॅटरीही कदाचित निर्दोष; सांगाड्यास जोडलेल्या पट्टीच्या बोल्टखाली गंज अथवा रंग आहे. बोल्ट काढावा, जागा चकचकीत होईपर्यंत घासावी, पुनः आवळावा. खर्च एका काचकागदाचा!

पाचवी पायरी : वीज उत्पन्न करणारे यंत्र

वरील सर्व ठीक असूनही भरण होत नसेल, तरच यंत्राकडे वळावे. प्रथम बॅटरीचे कोणते टोक सांगाड्यास जोडले आहे ते पाहावे. काही जुन्या परदेशी यंत्रांत धन टोक जोडलेले असते.

लुकास पद्धतीच्या डायनॅमोवर डी व एफ अशी दोन टोके असतात. दोहोंच्या तारा काढून ती दोन टोके आपसांत जोडावी व तेथून सांगाड्यापर्यंत दाब मोजीत इंजिनाची गती हलकेच वाढवावी. दाब भराभर चढून १२-१५ व्होल्टपर्यंत गेला, तर डायनॅमो चांगला. दोष रेग्युलेटर, कटआऊट अथवा तारांत आहे. ही परीक्षा क्षणभरच करावी व गती अधिक वाढवू नये. दाब अर्धा-एक व्होल्टवरच अडखळला, तर क्षेत्रवेटोळ्यात दोष संभवतो. काहीच आले नाही, तर कोळशाचे ब्रश झिजले अथवा अडकले आहेत काय व तांब्याचा कम्युटेटर काळवंडला आहे काय, हे पाहावे. ब्रश ही स्वस्त वस्तू आहे व बदलण्यास अवघड नाही. फार दिवस पडून राहिलेल्या डायनॅमोतील शिल्लक चुंबकत्व नाहीसे झाले असल्यास, एफची तार सुटी ठेवूनच, बॅटरीच्या सांगाड्यास न जोडलेल्या टोकाकडून घेतलेल्या तारेचा एफ टोकास क्षणभर स्पर्श करावा. त्याने ते पुनः येते.

अल्टरनेटर मात्र असा हाताळू नये. तो चालू असता बॅटरीची तार कधीही काढू नये. दाब एकाएकी वाढून त्यातील डायोड जळतात. ट्रॅक्टरवर विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वीही बॅटरी सोडवून ठेवावी.

चाकातील चुंबकांच्या लहान यंत्रांत वेटोळ्यापासून बहुधा दोन तारा निघतात. त्या सोडवून त्यांच्यामधील दाब मीटरच्या ए.सी. खुणेवर मोजावा, इंजिनाच्या गतीबरोबर तो वाढत जावा. वाढत असल्यास वेटोळे ठीक असून दोष रेग्युलेटरात अथवा त्याच्या सांगाड्याशी असलेल्या जोडात आहे. रेग्युलेटर रंगविलेल्या पत्र्यावर बसविलेला असेल, तर रंगामुळेच परतीची वाट अडलेली असते.

रात्री उतरणारी बॅटरी

दिवसा भरण उत्तम, तरी सकाळी बॅटरी रिकामी, असे असल्यास कोठेतरी चोरवाट आहे. चावी बंद करून ऋण टोकाची तार काढावी व ते टोक आणि तार ह्यांच्यामध्ये १२ व्होल्टचा लहान दिवा धरावा. साध्या जुन्या ट्रॅक्टरवर तो पेटता कामा नये. पेटल्यास एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याने दिवा विझेल त्या वाटेवर दोष आहे. मागाहून बसविलेला भोंगा अथवा गाणी वाजविण्याचे यंत्र ह्यांचे जोड प्रथम पाहावे.

उपसंहार

ह्या सर्व पाठाचे सार एवढेच, की मोजल्यावाचून निवाडा करू नये. स्वस्त व सोपे ते आधी तपासावे, महाग ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. हा नियम यंत्रांपुरता नाही. घरात, गावात अथवा मंडळीत काही बिघडले असता आपण जो पहिला दिसेल त्याच्यावर खापर फोडतो. पुष्कळदा दोष दुसरीकडेच, न दिसणाऱ्या जोडात असतो.

हाताने काम करण्याची लाज सुशिक्षित मुलांस वाटते, हे आम्ही खेदाने पाहतो. सॅम हिगिनबॉटम ह्या मिशनऱ्याने १९१० साली अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराजला, कृषिशाळा काढली. तेथेच मेसन व्हॉ ह्यांच्या खटपटीने १९४२ साली कृषि-अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. नांगर व पाना ह्यांस त्यांनी विद्येच्या मंदिरात स्थान दिले. आपला प्रभू स्वतः सुताराच्या घरी वाढला, ह्याहून अधिक काय सांगावे?

दहा कुमारींच्या दृष्टांतात दिवे दहाही जणींजवळ होते; उणे होते ते पाचजणींजवळचे तेल, आणि ते मध्यरात्री विकत घेण्याची वेळ निघून गेली होती. पेरणीच्या पहाटे बॅटरी तपासावयास बसणाऱ्याची गत तीच होते. म्हणून ही परीक्षा उन्हाळ्याच्या सुटीत, वैशाखात, बापलेकांनी अथवा बापलेकींनी मिळून करावी.

विद्यार्थ्यांकरिता प्रश्न

१. सकाळी १२.६, इंजिन चालू असता १५.४ व्होल्ट, पाणी दर आठवड्यास कमी होते. दोष कोठे असावा?

२. तारेचा रोध ०.०५ ओहम व प्रवाह २० अँपिअर असता किती व्होल्ट गळतील?

३. भरण बंद असूनही डिझेल ट्रॅक्टर दिवसभर का चालतो, हे आपल्या शब्दांत लिहा.

४. घरच्या अथवा शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी वडिलांच्या देखत सात दिवस सकाळी मोजा, अंकांचा तक्ता करा व शाळेत आणा.